इमानी कॅमेरा

शहाद्याच्या एसटी स्टँडासमोर, रसवंती आणि खताचं दुकान यांच्या मधल्या बोळकांडीत एक फोटो स्टुडिओ अंग चोरून उभा आहे. त्याचे मालक चुनीलाल पाटील, म्हणजे अर्ध्या तालुक्याचे नाना. नानांना आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. साठी दाराशी येऊन ठेपली तरी त्यांच्या नाकावर चष्मा चढला नव्हता, ही एक. आणि दुसरी म्हणजे त्यांचा कॅमेरा इमानी होता.

हा कॅमेरा त्यांनी सोळा-सतरा वर्षांमागं सुरतेहून आणला. दहा मेगापिक्सेलचा. त्या वेळी तो पाहायला लोक दुकानात येत आणि हात धुऊन मगच हात लावत. आता त्याची रया गेली होती. पकडीवरचं रबर दोनदा डिंकानं चिकटवून झालेलं, कार्डाच्या झाकणाला रबरबँड, मागचा स्क्रीन काडेपेटीएवढा आणि त्यावर ओरखडे. लेन्समधली आपोआप फोकस करणारी मोटर कधीच बसली होती, म्हणून नाना हातानंच रिंग फिरवत. पण बटण दाबलं की ‘खटाक’ असा आवाज निघे, की मांडवातली शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा समजे, निघाला फोटो.

इमानी अशासाठी, की नानांखेरीज दुसऱ्या कुणाला त्यातून दिसतच नसे. आजवर जितके मदतनीस आले, त्या सगळ्यांनी डोळा लावून पाहिला आणि सगळे एकच बोलले, “नाना, धुकं शे.” नाना मिशीतल्या मिशीत हसत. “नजर बसाले लागस,” ते म्हणत. “बारा वरीस तप करा, मंग दिसी.” पोरं बिचारी बारा महिन्यांतच मोबाइलच्या दुकानात नोकरीला लागत.

आता खरी गोष्ट सांगायची तर, डोळा लावायच्या खिडकीच्या कडेला मसुराच्या डाळीएवढं एक चाक असतं. ते कशासाठी असतं, हे कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पण ती पुस्तिका नानांनी पहिल्याच वर्षी दुकानातल्या डुगडुगत्या स्टुलाखाली सारली होती. दर एक-दोन वर्षांनी आतलं चित्र जरा धुरकट वाटलं, की नाना ते चाक कणभर सरकवत आणि चित्र पुन्हा लख्ख होई. त्यांची समजूत, ही कॅमेऱ्याची आतली काच पुसायची सोय आहे. सरकवत सरकवत चाक एक दिवस टोकाला जाऊन थांबलं. मग एका हळदीत कुणाचा तरी अंगठा लागून ते भलतीकडेच फिरलं आणि नानांना घाम फुटला. घरी येऊन त्यांनी ते पुन्हा टोकाला नेलं आणि बायकोच्या, निर्मलाबाईंच्या पेटीतलं लाल नेलपॉलिश काढून त्यावर एक ठिपका दिला. चाक कायमचं जाम झालं. निर्मलाबाई म्हणाल्या, “कॅमेराले टिकली लाई दिधी का?” नाना म्हणाले, “हाव. आते तो मन्हा.”

घरात सून आली ती अक्कलकुव्याची, स्वप्नाली नावाची. मुलगा हेमकांत साखर कारखान्यात नोकरीला. त्याला स्टुडिओची कधी गोडी लागली नाही. ती सुनेला लागली. डोक्यावरचा पदर सावरत सावरत तिनं आधी पासपोर्ट फोटो कातरले, मग कॉम्प्युटरवर नवरदेवांचे मुरूम घालवले आणि तीन वर्षांत गिऱ्हाईकं दारातूनच वहिनींची चौकशी करू लागली, “वहिनी शेत का?” नानांना हे ऐकू येई. ते खोकत.

आणि मग यंदा तिनं नवा कॅमेरा आणला. चोवीस मेगापिक्सेल. मागचा स्क्रीन कपाटाच्या दारासारखा उघडतो, फिरतो. फोटो काढला की हवेतून मोबाइलमध्ये जाऊन पडतो. अंधारात काढला तरी चित्र रवाळ होत नाही. नानांच्या जुन्यात रात्रीची वरात म्हणजे ओतलेला रवाच. सुनेनं तो कॅमेरा देवासमोर ठेवला, कुंकू लावलं आणि पहिल्यांदा नानांच्या हातात दिला. रीत ती रीत.

नानांनी डोळा लावला. आत धुकं. जानेवारीच्या पहाटे तापीकाठच्या केळीत उतरतं तसं, दाट.

“हाई काय लई ऊनी पोरी?” नाना ओरडले, खरं तर आनंदानं ओरडले. “आंधळा शे हाऊ कॅमेरा!”

“माले त साफ दिसी ऱ्हायनं, नाना.”

“तू नवी, कॅमेरा नवा. तुले दिसीच.”

स्वप्नालीनं जुना उचलून पाहिला. त्यात तिला धुकं. सासऱ्याचा कॅमेरा सुनेला आंधळा आणि सुनेचा सासऱ्याला. पुढं नानांनी नव्या कॅमेऱ्यावर चार-पाच गिऱ्हाईकं काढली, तेही आपोआप फोकसचं बटण बंद करून. “फोकस मशीनच करी, त मी काय नुसत्या अक्षता टाकसू?” फोटो सगळे गढूळ आले. नानांनी ते काचेखाली लावून ठेवले आणि येईल त्याला दाखवले, “हाई देखा चोवीस!” सुनेनं काढलेले फोटो मात्र इतके स्वच्छ येत, की माणसाच्या गालावरचे देवीचे व्रण मोजून घ्यावेत. त्यावरही नानांचं उत्तर तयार होतं. म्हणे, फोटोनं माणसाचं थोडं झाकून घ्यावं, चव्हाट्यावर आणू नये.

वरकरणी असं असलं तरी नाना आतून हादरलेले होते. गिऱ्हाईक सुनेला विचारतं, लग्नाच्या तारखा सुनेच्या मोबाइलवर येतात. उद्या कुणी कॅमेराच हातातून काढून घेतला, तर चाळीस वर्षं फोटोच काढत आलेल्या माणसानं करायचं काय? दुकानात बसून कात्रीनं लोकांची डोकी चौकोनी कापायची? त्या विचारानं त्यांना जेवण जात नसे. म्हणून तर नवा कॅमेरा आंधळा ठरणं त्यांच्या जिवासाठी गरजेचं होतं. आणि हल्ली त्यांना लग्नपत्रिकाही हात लांब करून वाचावी लागे, त्याचं कारण छापखानेवाले शाई वाचवतात, एवढंच.

अशात तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलापलीकडच्या एका गावातून फुलवंताबाईंचं बोलावणं आलं. त्यांच्या नातीचं, सीमाचं लग्न. फुलवंताबाईंच्या घरातलं प्रत्येक कार्य नानांनी काढलेलं. त्या म्हणाल्या, चुनीलालच पाहिजे. सीमा म्हणाली, स्वप्नालीवहिनी आणि नवा कॅमेरा पाहिजे. मग दोघंही गेली, दोन कॅमेरे घेऊन.

मांडव भरला होता. मुहूर्ताला अवकाश होता. नवरी सजून बसली तशी नानांनी जुना कॅमेरा उचलला, रिंग फिरवली, आणि नवरीनं तोंड जरा बाजूला घेतलं.

“नाना, नवावर काढा ना. मन्ह्या सगळ्या मैत्रिणीस्ना नवावरच शेत.”

ती पोर काही वाईट बोलली नव्हती. पण बायकांचा घोळका भोवती होता आणि कुणीतरी हसलं. नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सीमा, तो आंधळा शे! चार मानसंस्ना म्होरे सांगस. त्या नवामा माले जुनापेक्षा साफ दिसनं, त हाऊ मन्हा कॅमेरा सूनना गयामा घालसू, आन मी जलमभर दुकानमा बशीसन पासपोर्ट कातरसू!”

स्वप्नाली पुढं होऊन हळूच म्हणाली, “नाना, ऱ्हाऊ द्या.” आणि तेवढ्यावर निभावलंही असतं. पण आड आले दोधू फुवा.

दोधू फुवा म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे यजमान. सकाळी टॉवेल-टोपी देताना त्यांच्या आधी दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर टोपी गेली, म्हणून ते निंबाच्या झाडाखाली मांडवाकडं पाठ करून रुसून बसले होते. तीन वेळा त्यांना मनवायला माणसं गेली आणि चहाचे कप तसेच परत घेऊन आली. फुवा मांडवात आल्याशिवाय लग्न लागणार कसं, या काळजीत मुलीकडचे घामाघूम झाले होते. ते फुवा भांडणाचा आवाज ऐकून आपणहून उठले आणि आत आले.

“काय गोंधय शे?”

कुणीतरी सांगितलं, हा दहाचा कॅमेरा, तो चोवीसचा.

“एकरी?” फुवांनी विचारलं. कापसाखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरा हिशेब नव्हता. मग सगळं ऐकून घेऊन ते खुर्ची ओढून बसले. “हाई त पंचनं काम शे. मी पंच. आना दोन्ही कॅमेरा आठे.”

आता ही परीक्षा थांबवणं म्हणजे फुवांना पुन्हा निंबाखाली पाठवणं. मुलीकडच्यांनी आहेराचं टेबल तात्काळ रिकामं करून दिलं. नानांनी जुना कॅमेरा मांडवाच्या खांबावर रोखून नीट फोकस करून ठेवला. शेजारी स्वप्नालीनं नवा त्याच खांबावर रोखून ठेवला. आणि फुवांच्या हुकुमानं वऱ्हाडाची रांग लागली.

पहिल्यांदा करवली आली. “जुनामा धुकं, नवामा साफ.” मग नवरीच्या मैत्रिणी. जुन्यात धुकं. बँडवाला आला, त्यालाही धुकं. प्रत्येकाला नाना सांगत होते, “नजर बसनी नही तुन्ही,” पण आवाज दर खेपेला थोडा खाली येत होता. रांगेत कुणी म्हणालं, नाचता येईना अंगण वाकडं. नानांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग स्वतः पंच उठले. फुवांनी जुन्याला डोळा लावला आणि उडालेच. “आरे वा! खांबवरनी मुंगी दिसी ऱ्हायनी!” नव्याला लावला. “हट्! धुकं.”

“बोला!” नाना गरजले. त्यांच्या अंगात एकदम बळ आलं. फुवांच्या मागून त्यांच्याच वयाचे आणखी दोघं-तिघं आले, त्यांनाही जुन्यात साफ आणि नव्यात धुकं. मांडवाचे सरळ दोन भाग पडले. काळ्या केसांचे नव्याच्या बाजूनं, पांढऱ्या केसांचे जुन्याच्या. फुवांनी निकाल देण्यासाठी घसा खाकरला, आणि नेमक्या तेव्हाच फुलवंताबाई काठी टेकत आल्या.

“माले देखू द्या.”

त्यांनी दोरीनं गळ्यात बांधलेला आपला जाड चष्मा काढला आणि जुन्यात पाहिलं. “दिसस.” मग चष्मा लावून पाहिलं. “दिसत नही.” पुन्हा काढला, पुन्हा पाहिलं. मग नव्याकडं वळल्या. चष्मा काढून धुकं, चष्मा लावून साफ. म्हातारी शाळेत गेली नव्हती, पण जन्मभर तूर निवडत आली होती. तिनं नानांकडं पाहिलं आणि काठी जमिनीवर आपटली.

“आरे चुनीलाल, हाऊ कॅमेरा नही! हाऊ चष्मा शे!”

रांगेतल्या माना एकदम नानांच्या नाकाकडं वळल्या.

“इकडे ये,” फुलवंताबाई म्हणाल्या, आणि नाना ‘नको, नको’ म्हणेपर्यंत त्यांनी आपला चष्मा दोरीसकट नानांच्या नाकावर चढवला. “आते देख नवामा.”

नाना वाकले. त्यांनी डोळा लावला. आणि धुकं नव्हतं. मांडवाचा खांब होता, त्यावरची आंब्याची पानं होती, पानांच्या शिरा होत्या, मुंगी तर होतीच, तिच्या तोंडातला तांदळाचा कणही होता. इतकं स्वच्छ नानांनी कित्येक वर्षांत काही पाहिलं नव्हतं.

ते सरळ झाले ते चष्म्यासकटच. नाकावर म्हातारीचा चष्मा, दोरी अजून म्हातारीच्या गळ्यात, त्यामुळं मानही हलवता येईना. आख्खा मांडव हशानं फुटला. बँडवाला तर ढोलावरच आडवा झाला.

“दुसराना डोयामधलं कुसय दिसस,” फुलवंताबाई म्हणाल्या, “सोताना डोयामधलं मुसय दिसत नही!”

झाकली मूठ उघडली होती. बारा वर्षांचं तप, सोळा वर्षांची नजर, कॅमेऱ्याचं इमान, सगळं त्या मसुराएवढ्या चाकाच्या पोटातून बाहेर पडलं. ते चाक काच पुसत नव्हतं, नानांच्या डोळ्यांचा वाढता नंबर भरून काढत होतं. नानांना हसण्याचं तितकं वाटलं नाही. त्यांना आठवला तो शब्द. साफ दिसलं होतं, जुन्यापेक्षाही साफ. त्यांनी चष्मा काढून फुलवंताबाईंना परत दिला आणि जुना कॅमेरा टेबलावरून उचलून पट्टा गुंडाळू लागले. चाळीस वर्षं लोकांच्या लग्नांत सगळ्यांत पुढं उभा राहिलेला माणूस आता पाठीमागची रिकामी खुर्ची शोधत होता.

तेवढ्यात भटजींनी हाक दिली. अंतरपाट धरला गेला. फुवा मांडवातच होते, आणि हसण्याच्या भरात आपण रुसलोय हे विसरून त्यांनी कुणाच्या तरी हातून अक्षताही घेतल्या होत्या.

स्वप्नाली नवा कॅमेरा घेऊन नानांकडं आली. म्हातारीच्या बोलण्यानं तिला त्या चाकाचं काम उमगलं होतं; येता येता तिच्या अंगठ्यानं नव्याच्या खिडकीच्या कडेचं चाक पार टोकाला नेलं.

“नाना, धरा. मंगलाष्टक सुरू व्हयनं.”

“मी कसाले? सबद दिधा मी.”

“हाव, दिधा. तुमना कॅमेरा मन्हा गयामा घालानी गोट व्हती ना? घाला मंग.” तिनं मान पुढं केली. “आन हाऊ तुम्ही ल्या. तुमना सबदमा नवानी काय गोट नव्हती.”

मागून फुवा ओरडले, “बराबर शे! पंचना निकाल!” नानांनी जुन्या कॅमेऱ्याचा पट्टा सुनेच्या गळ्यात घातला. समोर नवरा-नवरी हार हातात घेऊन ताटकळत उभी आणि मांडवातला पहिला हार भलतीकडंच पडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नानांनी नव्याला डोळा लावला. चष्म्याविना, साफ. मग त्यांना कशाचंच भान राहिलं नाही. अंतरपाटावरून डोकावणारे नवरीचे डोळे, पापणीवर अडकलेला एक तांदूळ, पदर तोंडात धरून रडणारी तिची आई, हे सगळं पटापट आत येत गेलं. कॅमेरा आपणच फोकस करत होता. नानांनी त्याला करू दिलं.

शेवटच्या अक्षता पडल्या तेव्हा नानांनी मांडवाच्या पलीकडच्या कडेला कॅमेरा फिरवला. तिथं स्वप्नाली उभी होती, जुना कॅमेरा डोळ्याला लावून. सासऱ्यानं सुनेकडं निरखून पाहायचं नसतं, म्हणून तीन वर्षांत नानांनी तिचा चेहरा असा कधी पाहिलाच नव्हता. पदर डोक्यावरून ढळला होता, कपाळावर घाम, जीभ दातांत धरलेली. रिंग अंदाजानं फिरवत होती. फिरवायची, थांबायची, पुन्हा फिरवायची. तिला त्या खिडकीतून काहीही दिसत नव्हतं. नानांना ते माहीत होतं, तिलाही माहीत होतं. आपले दिसते डोळे सासऱ्याच्या हातात देऊन ती पोर धुक्यात फोटो काढत उभी होती, ‘खटाक खटाक’ आवाज काढत, नानांचा कॅमेरा मेला असं कुणी म्हणू नये म्हणून.

नानांना लाज वाटली. ‘आंधळा, आंधळा’ म्हणत आपण महिनाभर गाव गोळा केलं, आणि सांभाळून घेतलं ते हिनं. त्यांनी बटण दाबलं. सुनेचा तो फोटो आला. स्वच्छ आला.

पंगती बसल्या तसे नाना तिला निंबाखाली घेऊन गेले. तिच्या गळ्यातला जुना कॅमेरा हातात घेऊन ते अंगठ्याच्या नखानं लाल ठिपका खरवडू लागले. नेलपॉलिश जुनं, चिवट होतं. शेवटी निघालं. चाक सुटलं.

“लाव डोया,” ते म्हणाले.

तिनं लावला. पट्टा तिच्या गळ्यात, कॅमेरा तिच्या डोळ्याला आणि चाकावर नानांचं नख. त्यांनी कणभर फिरवलं.

“आते?”

“नही, नाना.”

“आते?”

“थोडं थोडं.”

चष्म्याच्या दुकानातला माणूस विचारतो तसे नाना चाक सरकवत विचारत राहिले. मांडवातून जिलेबीचं ताट घेऊन निघालेले फुवा मध्येच थांबून बघत होते. तिच्यासाठी चाक फिरत होतं तसा तो कॅमेरा नानांच्या नजरेला कायमचा आंधळा होत होता, हे नानांना कळत होतं. तरी त्यांचं नख थांबलं नाही.

“बस, नाना! बस. दिसनं.”

“काय दिसनं?”

स्वप्नालीनं कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. लेन्स सरळ नानांच्या तोंडावर रोखलेली होती. “तुम्ही दिसतस. मिशीले गुलाल लागेल शे. आन डोया बारीक करी ऱ्हायनात.” तिनं रिंग कणभर फिरवली. “चष्मा कराले लागी, नाना.”

नानांनी मिशी पुसली, सदरा खाली ओढला आणि ताठ उभे राहिले.

“करसू. पन आधी काढ पटकन,” ते म्हणाले. “बिनचष्माना शेवटला फोटो शे.”

खटाक.